पाणी घेऊन येते

मार्च सरत आला की उदगीरच्या रस्त्यांवर ओल्या रेघा दिसू लागतात. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या टाकीच्या नळाला चिंधी बांधलेली असते, तिच्यातून थेंब गळत राहतात आणि टँकर जिथून गेला तिथे एक बारीक ओली रेघ मागे उरते. टँकर चौक ओलांडतो तोवर चौकाअलीकडची रेघ वाळून गेलेली असते. यंदाही ती दिसली. त्याच आठवड्यात मागणीतल्या नव्या उदगीर जिल्ह्याचा नकाशा पुन्हा मोबाइलवर फिरू लागला. तालुक्यांची नावं तीच, रंग तेवढे बदललेले.

या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मला एक वाक्य ऐकू येतं. उन्हाळ्यात कुठल्याही घरात दिवसभर बोललं जाणारं अगदी साधं वाक्य आहे ते. बस इथं, पाणी घेऊन येते.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी येत होतं. बाहेरगावचे छायाचित्रकार रुळांपाशी उभे राहून वाघिणींचे फोटो घेत आणि निघून जात. मी उदगीरची वार्ताहर होते. सकाळी टँकरची बातमी, दुपारी जिल्ह्याच्या मागणीसाठी बसलेल्या धरण्याची, संध्याकाळी दोन्ही पाठवायच्या. बातमीत काय झालं ते असावं, आपल्याला काय वाटलं ते नसावं, असं आम्हाला शिकवलेलं होतं. ते शिक्षण चांगलं होतं. इथेही जमेल तेवढं ते पाळायचा विचार आहे.

बालगृहात गेले तीसुद्धा टँकरच्या बातमीसाठीच. गावाबाहेर, नांदेड रस्त्याला, एका संस्थेने भाड्याने घेतलेली दुमजली इमारत होती. ज्यांना घर नाही, किंवा घर आहे पण तिथे ठेवता येत नाही, अशा मुली तिथे राहत. बोअर आटला होता. अंगणात घागरी, कळश्या, रंगाचे रिकामे डबे, तेलाचे डबे असं सगळं रांगेत लावून ठेवलेलं होतं. निळ्या फाटकाचा गज धरून आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती. केस नुकतेच कापलेले, पायात दोन वेगळ्या चपला. मी आत आले तरी तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती माझ्यामागच्या रस्त्याकडे बघत होती.

अधीक्षिका बिरादार बाईंनी खुर्ची दिली आणि पाणी विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात पाहुण्याला पाणी न विचारणं कुणी मनावर घेत नसे. फाटकापाशी कोण आहे, असं मी विचारलं.

"ती आमची वाचमन," बाई म्हणाल्या. "पोरींनीच नाव पाडलंय. नीलव्वा पाण्याला गेली की ही तिथं. नीलव्वा येईस्तोर जेवत न्हाई, बोलत न्हाई. ताटावरनं उठून जाती."

नीलव्वा म्हणजे तिथली स्वयंपाकीण. मुलींची वेणीफणी, आजारपण, भांडणं सगळं तिच्याकडे. माहेर बिदरकडचं, त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी. थोड्या वेळाने ती डोक्यावर घागर, कमरेवर कळशी अशी फाटकातून आली, तेव्हा त्या मुलीने गज सोडला, तिच्या पदराला एकदा हात लावला आणि आत जाऊन आपलं ताट पुढे ओढलं.

मुलीचं खरं नाव इथे येणार नाही. तिला शेवंता म्हणू.

शेवंता मुखेड तालुक्यातली. आई वारली. वडील कामाला तेलंगणात गेले आणि तिकडेच राहिले. काही महिने ती मामाच्या घरी होती. मग एका दुपारी मामी तिला घेऊन उदगीरच्या बसस्थानकात उतरली. बाकावर बसवलं, मांडीवर कपड्यांची पिशवी ठेवली आणि रिकामी बाटली दाखवून म्हणाली, बस इथं, पाणी घेऊन येते. शेवंता बसली. कुल्फीवाल्याने विचारलं, स्थानकातल्या कर्मचाऱ्याने विचारलं, शेवटी पोलिसांनी विचारलं. तिने प्रत्येकाला एकच सांगितलं, की मामी पाण्याला गेलीय. बाकावरून उठली तर मामीला सापडणार नाही, म्हणून ती उठायला तयार नव्हती. मामाच्या घरी काय परिस्थिती होती ते मी जाऊन पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.

ती सापडली उदगीरला, म्हणून लातूर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे उभी राहिली आणि या बालगृहात आली. आणि आली ती नेमकी दुष्काळाच्या वर्षी. त्या घरात सकाळपासून कुणी ना कुणी पाण्याला जात होतं. टँकर आला की नीलव्वा, शेजारच्या शेतातल्या विहिरीवर मोठ्या मुली, कधी स्वतः बिरादार बाई. निघताना प्रत्येकजणी सहज म्हणून जायची, पाणी घेऊन येते. बोलणारीच्या ते लक्षातही नसायचं. शेवंताचा हातातला घास मात्र थांबायचा.

मंगळवारी आणि शुक्रवारी चाकूरहून एसटीने मित्राताई यायच्या. नाव संघमित्रा, आजोबांनी ठेवलेलं. मुलांच्या मनावर झालेल्या जखमांवर काम करायचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. पद समुपदेशकाचं, नेमणूक कंत्राटी, वावर तिशीतल्या शांत माणसाचा. नीलव्वाला हे काम पटायला वेळ लागला. ती माझ्यासमोरच म्हणाली होती, की प्यायला पाण्याचा पत्ता न्हाई आन् इथं बोलायला बाई ठेवलीय.

बोलायला ठेवलेली ही बाई फारशी बोलत नसे. जिन्याखालच्या खोलीत ती सतरंजी टाकायची आणि खांद्यावरच्या झोळीतून टोपणं ओतायची. पाण्याच्या बाटल्यांची, औषधांची, तेलाच्या डब्याची, शाईच्या दौतीची, सगळ्या आकारांची आणि रंगांची. मुली त्यांची घरं मांडायच्या. मोठं लाल टोपण आई व्हायचं, काळं टोपण दारू पिऊन आलेला बाप, औषधाचं पांढरं टोपण आपण स्वतः. जे तोंडाने सांगता येत नाही ते सतरंजीवर सरकवून दाखवता येतं. एका मुलीने काळं टोपण उचलून खिडकीबाहेर फेकलं, तेव्हा मित्राताई एवढंच म्हणाल्या, लांब गेलं. मुलगी म्हणाली, आजून लांब पायजे होतं. खोलीचं दार नियमाने उघडं असायचं आणि मी व्हरांड्यात बाईंची वाट बघत बसलेली असायचे. जेवढं कानावर पडलं तेवढं पडलं. विचारलं मी काही नाही.

शेवंता टोपणं मांडायची नाही. ती नुसती ओळीने लावायची आणि ओळीच्या टोकाशी बसून राहायची. कितीतरी मंगळवार हेच चाललं. मित्राताई शेजारी बसायच्या. कधीकधी दोघी मिळून एक लांब ओळ पार दारापर्यंत न्यायच्या. बस एवढंच. बिरादार बाईंनी एकदा मला हळूच विचारलं, याला उपचार म्हणतात का हो पत्रकार मॅडम?

मग एका शुक्रवारी मित्राताईंनी आपली बाटली काढली, निळसर, पोचे आलेली, आणि तिचं टोपण शेवंताच्या हातात दिलं. माझी बाटली, टोपण तुझ्याजवळ, असं सांगितलं. मी रांजणापर्यंत जाणार, अर्धी बाटली भरणार, परत येणार. उघडी बाटली घेऊन मला चाकूरला जाता यायचं नाही, सांडेल. त्या गेल्या, आल्या. शेवंताने टोपण बाटलीला लावलं, उघडून पाहिलं, पुन्हा लावलं.

त्यानंतर जिना, मग अंगण, मग फाटकाबाहेरचं लिंबाचं झाड. कुठे जाणार, कशाला जाणार, कधी येणार हे आधी सांगायचं आणि सांगितलं तसंच वागायचं. टँकर उशिरा आला तर उशीर होईल हेही सांगायचं. हा नियम मित्राताईंनी सगळ्या घराला लावला. नीलव्वाला तो जड गेला. आपल्याकडे घरातून निघणाऱ्याने फार सांगत बसू नये, कुठे निघालीस म्हणून विचारूही नये, अशी जुनी समजूत. तरी नीलव्वाही पाण्याला निघताना फाटकाशी थांबून, जरा लाजत, शेवंताला आपला सगळा बेत सांगू लागली. विहिरीला चाललेय, शेंदायला चार जणी आधी असतील, मधी त्या पाटलिणीशी दोन शब्द भांडण होईल, मग येते. शेवंता पहिल्यांदा हसली ती त्या भांडणाला.

पुढे मित्राताई टोपण तिच्याजवळच ठेवून चाकूरला जाऊ लागल्या. बाटलीच्या तोंडाला प्लास्टिक आणि रबर लावून. मंगळवारचं टोपण शुक्रवारी परत. दरम्यान ते शेवंताच्या मुठीत, नाहीतर परकराच्या नाडीला बांधलेलं. फाटकाशी ती अजून जायची, पण एक चक्कर मारून परत यायची. ताटावरून उठणं थांबलं. मुलींनी चिडवलं, "ए वाचमन, नोकरी सुटली का गं?" त्यावर ती म्हणाली, "रजा हाय."

याच दिवसांत नव्या जिल्ह्याचं वारं जोरात होतं. बाजारपेठ बंद, चौकात भाषणं, सायंकाळी अफवा. लोकांच्या हातातल्या नकाशात उदगीर जिल्हा होता आणि त्यात मुखेडही धरलेलं होतं. मुखेडकरांना ते मान्य आहे की नाही यावर वेगळं भांडण. मी ही सगळी बातमी कोरडेपणाने लिहीत होते, तोवर बालगृहाबद्दल वरून निर्णय आला. पाण्याची सोय नाही, तेव्हा पाणी होईपर्यंत मुलींना आपापल्या जिल्ह्यातल्या गृहांत हलवावं. लातूर जिल्ह्यातल्या थोड्या मुली इथेच भागवता येतील. शेवंता मुखेडची, म्हणजे नांदेड जिल्ह्याची. तिला नांदेडला जावं लागणार होतं.

तेव्हापासून ते अख्खं घर नव्या जिल्ह्याच्या बाजूचं झालं. नकाशा खरा ठरला तर मुखेड उदगीरमध्ये येणार होतं आणि शेवंता आहे तिथेच राहणार होती. नीलव्वा, जिला जिल्हा कशाला हवा हे आजवर कळलं नव्हतं, ती मला बघताच विचारायची, काय म्हणतुय जिल्हा? बिरादार बाईंनी हलवण्याची तारीख दोनदा पुढे ढकलली. घोषणा होईल, थांबा म्हणाल्या. मुलीच्या कानावर यातलं काही जाऊ द्यायचं नाही, असं मित्राताईंनी बजावलं होतं. होईल की नाही ते आपल्यालाच ठाऊक नाही, तर तिच्या हातात ते देऊ नका. मी अधिकाऱ्यांना विचारत होते, पुढाऱ्यांना विचारत होते. पुढारी हो म्हणत, अधिकारी हसत. घोषणा झाली नाही. धरण्याचा मंडप उतरवला गेला आणि बांबू ज्याचे त्याच्याकडे परत गेले.

अशा वेळी मुलीला कसं नेतात याची तिथे एक पद्धत होती. जत्रेला चाललो, देवीला चाललो असं सांगायचं. नवा फ्रॉक घालायचा, गाडीत बसवायचं. पोचल्यावर कळेल ते कळेल. बिरादार बाईंनी माहूरचं नाव ठरवलं होतं. त्या दुष्ट नव्हत्या. रडतं लेकरू गाडीत कोंबणं माझ्याच्यानं होत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

"तिच्या मामीच्यानं पण झालं नसंल," मित्राताई म्हणाल्या.

बाई बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, की तुम्हीच सांगा तर. माझी जीभ उचलायची न्हाई.

मित्राताईंनी व्हरांड्यातच सांगितलं, लिंबाच्या सावलीचा पट्टा पायरीवर आला होता तिथे बसून. आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. इथलं पाणी संपलंय. येत्या सोमवारी सकाळी गाडी येईल. तुला नांदेडला ठेवणार आहेत. नीलव्वा सोबत येईल, पोचवून परत येईल.

"आन् तुमी?"

"मी न्हाई येणार."

"मंगळवारी?"

"न्हाई."

"शुक्रवारी?"

"न्हाई, शेवंता. तिथलं काम माझ्याकडं न्हाई. तिथं दुसरी ताई असंल. येते म्हणले असते, पण ते खोटं झालं असतं."

शेवंता टोपणाच्या आतल्या आट्यांवरून बोट फिरवत होती. तिने विचारलं, तिथं पाणी हाय का?

"हाय म्हणतात. मी बघितलेलं न्हाई."

ती उठली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. त्या वेळी पाण्याला कुणीही गेलेलं नव्हतं. घरातली सगळी माणसं घरातच होती. मित्राताईंनी तिला हाक मारली नाही, मागेही गेल्या नाहीत. पायरीवर बसून राहिल्या. चाकूरची गाडी रस्त्यावरून गेली, तरी उठल्या नाहीत. ऊन उतरल्यावर शेवंता परत आली, त्यांच्या शेजारी बसली आणि मग रडली. मोठ्याने, तोंड उघडं ठेवून, लहान मुलं रडतात तसं. बिरादार बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. नीलव्वा पुन्हा पुन्हा म्हणत होती, की बसस्थानकात सापडली त्या दिवशीसुद्धा पोरगी रडली नव्हती.

त्या आठवड्यात टोपण शेवंताजवळच होतं. सोमवारी मित्राताईंचा दिवस नव्हता, तरी त्या पहिल्या गाडीने आल्या. जीप फाटकाशी उभी होती. मुलींनी शेवंताला टिकल्यांचं पाकीट, अर्धी पेन्सिल, एक क्लिप असं काय काय दिलं. वाचमन, तिथं पण फाटक हाय का बघ, असं कुणीतरी म्हणालं आणि कुणी हसलं नाही.

खेळाचा नियम असा होता, की जी जाणार तिने बाटली न्यायची आणि टोपण मागे ठेवायचं, कारण तिला परत यायचं असतं. त्या दिवशी जाणारी शेवंता होती. मित्राताईंनी बाटली तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली, तोंडावरचं रबर आणि प्लास्टिक काढलं, परकराच्या नाडीचं टोपण सोडलं आणि बाटलीवर बसवलं. दोन्ही हातांनी, दात आवळून, फिरेल तेवढं फिरवलं. मग बाटली मित्राताईंना परत दिली.

"घट्ट लावलंय," ती म्हणाली. "आता सांडनार न्हाई."

जीप गेली. रस्त्यावर धूळ होती, ओली रेघ नव्हती. टँकर अजून यायचा होता.

नीलव्वा दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. मंगळवार होता, मित्राताई आलेल्या होत्या, मी टँकरच्या खेपांचं विचारायला गेले होते. नीलव्वाने पाय धुतले नाहीत. तेवढं पाणी नव्हतं. पायरीवर बसूनच सांगितलं. तिथलं घर मोठं आहे, पोरी पुष्कळ आहेत, नळाला पाणी आहे, बारीक धार का होईना. शेवंताला कॉट दाखवली, ताट दाखवलं. रात्री दोघी एकत्र निजल्या. सकाळी निघायची वेळ झाली तेव्हा नीलव्वाचाच पाय निघेना.

"तीच मला म्हणली, जा तू नीलव्वा, गाडी जाईल. मी म्हणलं, फाटकापस्तोर तरी ये की गं. तर म्हणली, कामून? तू कुठं परत येनार हायस. रिक्षात बसल्यावर मी मागं वळून बघितलं. फाटकाला कुनीच नव्हतं."

बिरादार बाईंनी हात जोडल्यासारखे केले. सुधारली म्हणायची पोरगी, म्हणाल्या.

"हां," मित्राताई म्हणाल्या. "सुधारली."

त्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत सतरंजी अंथरली गेली नाही. जाताना मित्राताईंनी उरलेल्या मुलींना शुक्रवारी येईन म्हणून सांगितलं आणि शुक्रवारी त्या आल्या.

माझ्या वर्तमानपत्रात याची बातमी आली ती एवढी, की पाणीटंचाईमुळे बालगृहातल्या काही मुलींना अन्यत्र हलवण्यात आलं. त्यात चूक काही नव्हती. पुढे पाऊस झाला, बोअरला पाणी आलं, पण दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली मुलगी पाणी आलं म्हणून परत आणली जात नाही. जिल्हा अजूनही झालेला नाही. मित्राताईंचं कंत्राट दोन वर्षांनी संपलं, आता त्या लातूरला शिकवतात. मध्ये एका लग्नात भेटल्या तेव्हा मी शेवंताचं विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. नियमाने विचारता येत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की फाटकाशी कुणी नव्हतं हे ऐकलं त्या दिवशी काम झालं होतं, आणि तसं झालेलं काम पुन्हा बघायची इच्छा नाही. मग वाढपी आले आणि बोलणं तिथेच राहिलं.

मी मित्राताईंच्या त्या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. लहान मूल वाट बघतं तेव्हा ते कुणावर तरी विश्वास टाकून असतं. शेवंताला खरं सांगितलं गेलं, ते सांगायलाच हवं होतं, त्याबद्दल मला शंका नाही. तिला न येणारं माणूस ओळखता येऊ लागलं. नऊ वर्षांच्या मुलीला ते शिकवावं लागावं याला कोणता शब्द वापरायचा, ते मात्र ठरत नाही.

गेल्या आठवड्यात मुखेडला जायला म्हणून उदगीरच्या स्थानकात उभी होते. पलीकडच्या बाकावर एका बाईने चार-पाच वर्षांच्या मुलाला बसवलं, पिशवी त्याच्याजवळ ठेवली आणि म्हणाली, हलू नको, पाणी घेऊन येते. ती गर्दीत गेली. पाणपोईवर रांग होती, रांगेत तिचं हिरवं लुगडं दिसेना. मुखेडची गाडी लागली. कंडक्टरने दोनदा पुकारा केला. मुलगा पाय हलवत बसला होता, त्याला कसली काळजी नव्हती. मी जागची हलले नाही.

मग बाई आली. शीतपेयाच्या दुकानावरून, हातात भरलेली बाटली घेऊन, पाणपोईच्या नावाने कुरकुरत. तिने मुलाला पाजलं, त्याची हनुवटी पदराने पुसली, उरलेलं स्वतः प्याली. माझी गाडी तोवर निघून गेली होती.